आठ फुटांचा सामान्य माणूस

पुतळा म्हटला की चौथरा आला, चौथरा म्हटला की हार आला आणि हार म्हटला की जयंती-पुण्यतिथी आली. नांदेडच्या काय किंवा लातूरच्या काय, कोणत्याही मोठ्या चौकात उभे राहा. थोर पुरुषाची मान उंच, हात पुढे आणि नजर आपल्या सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे कोठे तरी गेलेली. हे असेच असावे, याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांनी आपल्या पिढ्यांना उभे केले त्यांना आपण उभे करतो, हे ऋण फेडणेच आहे. परंतु जो कधी जन्मलाच नाही, ज्याला आई-बाप नाहीत, जो केवळ शाईच्या चार फटकाऱ्यांतून कागदावर आला, अशा माणसाचा पुतळा उभारला तर तो कसा पाहावा? त्याची परीक्षा कोणत्या मापाने करावी? गेल्या वर्षभरात असे दोन पुतळे मी निरखून पाहिले आणि त्यांवरून माझ्या मनात जे विचार आले, ते आपणांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

चित्रकथेतील पात्राबद्दल वार्षिकांकात लिहायचे म्हटल्यावर काही गुरुजनांच्या कपाळावर आठी पडेल, हे मी जाणून आहे. ‘कॉमिक्स’ म्हणजे पोरखेळ, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. त्यांना एवढेच विनवितो, की एकदा वेरुळच्या कैलास लेण्यात रामायणाचे शिल्पपट पाहावेत. एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीत प्रसंगामागून प्रसंग. वाचता न येणाऱ्यालाही कथा कळावी अशी सोय. दगडात कोरलेली ही चित्रकथाच नव्हे काय? आणि ती आपल्या मराठवाड्यात बाराशे वर्षांपूर्वी कोरली गेली. ज्या पिढीचे हात ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने काळे केले, त्या पिढीतील कित्येक जण आज प्राध्यापक आहेत. १९६४ साली निघालेली ती मालिका १९९० साली बंद पडली. परंतु वेताळाच्या कवटीच्या अंगठीची गोष्ट निघाली, की पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थांचे डोळे अजूनही चमकतात, हे मी स्वतः पाहिले आहे. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

पहिला पुतळा माझ्या एका वर्गमित्राच्या खोलीतला. उंची वीतभरापेक्षा थोडी अधिक, पात्र बॅटमन. हा काही जत्रेत मिळणारा प्लॅस्टिकचा बाहुला नव्हे. अशा पुतळ्याचा मूळ नमुना शिल्पकार घडवितो. पूर्वी तो मातीत किंवा मेणात घडे, आता पुष्कळदा संगणकावर घडतो. त्या नमुन्यावरून रबरासारखा लवचीक साचा घेतात, साच्यात रेझिन ओततात, शिवणी घासून काढतात आणि मग एकेक प्रत हाताने रंगवितात. प्रती मोजक्याच काढतात आणि तळाशी क्रमांक घालतात. या क्रमांकाला आणि प्रत मर्यादित असण्यालाच निम्मी किंमत असते. माझ्या मित्राने शिकवण्या घेऊन दोन वर्षे पैसे साठविले आणि खानावळीच्या सहा महिन्यांच्या पैशांत हा बॅटमन घरी आणला.

न्यायाने सांगायचे तर काम अव्वल आहे. वाऱ्याने फुगलेला अंगरखा असा काही घडविला आहे, की खोलीतला पंखा बंद असतानाही वारा असल्याचा भास व्हावा. बोटांची पेरे, पट्ट्यावरचे खण, जबड्यावरची ताठर रेषा, कोठेही कारागिराचा हात चुकलेला नाही. आणि तरीही तो पुतळा पाहून माझे समाधान झाले नाही. का झाले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. बॅटमन १९३९ साली अमेरिकेत जन्मला तो हेराच्या गोष्टींच्या मासिकात. त्याच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नाही. त्याचे बळ अंधारात आहे. कागदावर चित्रकार त्याला तीन हिस्से काळ्या शाईत बुडवितो आणि एक हिस्सा दाखवितो. जे दिसत नाही त्याची वाचकाला भीती वाटते. रेझिनच्या पुतळ्याला ही सोय नाही. त्याला सगळेच दाखवावे लागते. पाठ, टाच, अंगरख्याची आतली बाजूसुद्धा. अंधारातल्या माणसाला ट्यूबलाइटखाली उभे केले, की तो एक पिळदार शरीराचा गृहस्थ तेवढा उरतो. सावली साच्यात ओतता येत नाही, हेच खरे.

आणखी एक गोष्ट. मित्राने खोके जपून ठेवले आहे, आतला फोमसुद्धा. खोके नसले की पुढे विकताना भाव पडतो म्हणे. पुतळा काचेच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. धूळ बसू नये, ऊन लागू नये, लहान भावाने हात लावू नये. पोळ्याला आणलेला मातीचा बैल आपल्या घरी पूजेनंतर पोरांच्या हाती जातो, त्याचे शिंग मोडते, तो अंगणात फिरतो आणि एके दिवशी मातीला मिळतो. त्या बैलाचे आयुष्य या बॅटमनला नाही. तो अमर आहे, कारण त्याला कोणी खेळवीत नाही.

दुसरा पुतळा पुण्यातला. एका परीक्षेच्या निमित्ताने पुण्यास गेलो असता सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या आवारात मी तो पाहिला. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’, म्हणजे आपला सामान्य माणूस. ब्राँझचा, आठ फूट उंच. २००१ साली तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. लक्ष्मण तेव्हा हयात होते. २०१५ सालच्या प्रजासत्ताकदिनी पुण्यातच त्यांचे निधन झाले. याच सामान्य माणसाचा आणखी एक पुतळा २००७ साली मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारी उभा राहिला.

या माणसाची जन्मकथा मोठी बोलकी आहे. १९५१ पासून लक्ष्मण ‘टाइम्स ऑफ इंडिया’त रोजचे छोटे व्यंगचित्र काढू लागले. आरंभी ते भारतीय जनता दाखवायची म्हणून निरनिराळ्या प्रांतांची, निरनिराळ्या पेहरावांची माणसे काढीत. रोजच्या अंकाची वेळ गाठायची, जागा इवलीशी; हळूहळू गर्दीतील एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी एकच उरला. टक्कल, कानांजवळ पांढऱ्या केसांचे दोन झुपके, झुबकेदार मिशी, चष्मा, चौकड्यांचा कोट आणि धोतर. म्हणजे पाहा, हा माणूस निवडून आलेला नाही. बाकीचे पुसले गेल्यावर उरलेला आहे. आणि उरला तोही चौकटीच्या मधोमध नव्हे. मध्यभागी मंत्री बोलतो, अधिकारी बोलतो, डॉक्टर बोलतो. हा कडेला उभा राहतो आणि पाहतो.

म्हणूनच पुतळ्याचे परीक्षण करताना माझा पहिला आक्षेप त्याच्या उंचीवर आहे. आठ फूट! सामान्य माणसाची सगळी गंमत तो लहान असण्यात आहे. तो पाहणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहील तरच तो सामान्य. त्याच्याकडे मान वर करून पाहावे लागले, की तो थोर पुरुषांच्या रांगेत जाऊन बसतो आणि तेथे त्याचे काहीएक काम नाही. आपल्या जिल्ह्यातच पाहा. कंधारला राष्ट्रकूटकालीन महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे भग्न अवशेष आहेत. क्षेत्रपाल प्रचंड असावा यात औचित्य आहे, कारण तो राखणदार आहे. अमेरिकेत मेट्रोपोलिस नावाच्या लहानशा गावी १९९३ साली सुपरमॅनचा पंधरा फुटी पुतळा उभारला, तेही शोभले, कारण सुपरमॅन माणसाहून मोठाच आहे. परंतु लक्ष्मणांच्या म्हाताऱ्याला मोठे करणे म्हणजे अभंगाला बँड लावण्यासारखे आहे. १९८८ साली ‘टाइम्स’च्या दीडशे वर्षांनिमित्त निघालेल्या टपाल तिकिटावर तो आला होता. अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या जागेत तो जितका स्वतःच्या घरात होता, तितका आठ फुटांत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे न्यून माध्यमाचे आहे. कोटावरची चौकडी कागदावर चार आडव्या-उभ्या रेघोट्यांनी होते आणि त्या रेघोट्या किंचित वाकड्या असतात म्हणून कोट जुना वाटतो. धातूत रेघ ओढता येत नाही, कोरावी लागते. आणि कोरलेल्या रेघेला घाई नसते. लक्ष्मणांच्या रेषेत वर्तमानपत्राची घाई होती. ती ब्राँझमध्ये कशी यावी?

इतके सगळे म्हटल्यावरही मी कबूल करतो, की मी त्या पुतळ्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. बॅटमनपुढे तसा राहिलो नव्हतो. याचे कारण शोधताना मला एक गोष्ट उमगली. चित्रकथेतले कोणतेही पात्र पुतळ्यात आले, की त्याचे बोलणे जाते. तोंडातून निघणारा तो ढगासारखा फुगा पुतळ्याला लावता येत नाही. सगळी पात्रे अशी मुकी होतात आणि निम्मी होतात. सामान्य माणूस मात्र पहिल्यापासूनच मुका. पन्नासांहून अधिक वर्षे तो कागदावर आला आणि बोलला नाही. त्याची बायको तेवढी फटकळ आणि बोलकी. पण पुतळा झाला तो एकट्या नवऱ्याचा! असो. सांगायचे ते हे, की पुतळा होण्यात ज्याचे काहीच हरवत नाही असे हे एक विरळे पात्र आहे. त्याचे मौन धातूत जसेच्या तसे उतरले आहे. चित्राखालची ओळ इंग्रजीत असे. मौनाला भाषांतर लागत नाही, म्हणून तो आमच्या लातूरलाही कळला.

पुण्याहून परतल्यावर हे सर्व मी माझ्या वर्गमित्राला सांगितले. त्याचे वडील नांदेडच्या मोंढ्यात हमाली करतात. त्याने माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “तुझा सामान्य माणूस मला रोज घरी दिसतो. पाठीवर पोते असते एवढाच फरक. तो कपाटात कशाला ठेवू? कपाटात मला दुसरे कोणी तरी हवे, जो रात्री उडी मारून गुंडाला धरतो.”

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उलट मला तो या विषयाच्या गाभ्याशी नेणारा वाटतो. ज्याच्या घरी सामान्यपण भरून उरले आहे, त्याने सामान्यपणाचा गौरव कशासाठी पाहायला जावे? त्याला स्वप्न हवे असेल तर ते त्याच्या हक्काचे आहे. आणि दुसरेही एक सत्य मित्राने नकळत दाखविले. लक्ष्मणांचा सामान्य माणूस हमाल नाही. त्याच्या अंगावर कोट आहे, डोळ्यांवर चष्मा आहे, तो वर्तमानपत्र वाचतो. तो शहरातला साक्षर, चिंतातुर गृहस्थ आहे. खेड्यातील झोपडीपुढे पुढाऱ्याचे भाषण ऐकणारा उघडा माणूस त्या चित्रांत वेगळाच असे. आणि हा कोटवाला बाजूला उभा राहून दोघांनाही पाहत असे. मराठवाड्यातील आपण बहुतेक जण त्या चित्रांत असूच तर झोपडीपुढच्या गर्दीत असू.

मग त्या कोटवाल्याशी आपले नाते काय? माझ्या मते साक्षीदाराचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे झोपेतच गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे गेली. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून लोक निजले होते. त्यानंतर किती वाहने आली, किती हार, किती भाषणे! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या गाडीला ‘जलदूत’ असे नाव मिळाले, तिचे स्वागत झाले, छायाचित्रे निघाली. मी तेव्हा लहान होतो. घागरींची रांग आणि रांगेतली भांडणे मात्र स्वच्छ आठवतात. अशा प्रत्येक प्रसंगी एक बोलणारा असतो आणि एक सोसणारा असतो. ज्याची उणीव असते तो तिसरा; जो काही मागत नाही, काही विकत नाही, केवळ पाहतो आणि विसरत नाही. बोलणाऱ्याला त्याची थोडी भीती वाटावी, एवढेच त्याचे काम. बॅटमन गुंडाला धरतो खरा, परंतु पाण्याच्या टँकरची फेरी कागदोपत्री दाखविणाऱ्याला तो कसा धरणार? तेथे चष्मा लावून पाहणाराच हवा.

यावरून पुतळ्याच्या परीक्षेचे एक माप माझ्या हाती आले. काही पुतळे पाहण्यासाठी असतात आणि काही पुतळे पाहणारे असतात. बॅटमन पाहण्यासाठी आहे. म्हणून त्याला काच हवी, दिवा हवा, क्रमांक हवा. सामान्य माणूस पाहणारा आहे. म्हणून त्याच्या बाबतीत तो कसा दिसतो यापेक्षा त्याच्यासमोर काय आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. पुण्यात त्याच्यासमोरून विद्यार्थी जातात, हे चांगलेच आहे. वरळीला समोर समुद्र आहे. पण समुद्राने कोणाला कधी आश्वासन दिले नव्हते. त्याची खरी जागा जेथे आश्वासने दिली जातात तेथे आहे.

ही केवळ कल्पनेची भरारी नाही. जपानात साकाइमिनातो नावाचे मासेमारीचे गाव आहे. चित्रकथाकार मिझुकी शिगेरू यांचे बालपण तेथे गेले. १९९३ साली गावाने त्यांच्या चित्रकथांतील भुताखेतांचे तेवीस लहानसे ब्राँझचे पुतळे एका रस्त्याच्या कडेने बसविले. चौकात नव्हे, दुकानांच्या दारांत. हाताला लागतील असे. आज ते पावणेदोनशेच्या वर आहेत आणि ते पाहायला लांबून माणसे येतात. पुतळा लहान असला तरी गाव मोठे होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

आपल्याला काय अशक्य आहे? नांदेडच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीत गेले की निर्मल लागते. तेथील कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडातून फळे, पक्षी, माणसे घडवितात. पाहून खरे-खोटे ओळखू येऊ नये. आपल्या घरोघरी महालक्ष्म्यांचे मुखवटे आहेत, दर भाद्रपदात शाडूत बोटे बुडविणारे हात आहेत. चित्रे काढणारे विद्यार्थी तर प्रत्येक वर्गात बाकाच्या पाठीवर आपली कला दाखवीतच असतात! उणीव आहे ती आपला स्वतःचा पाहणारा शोधण्याची. तो कोटातला नसेल. कदाचित तो पागोटे घातलेला असेल. कदाचित ती घागर टेकवून रांगेत उभी असलेली म्हातारी असेल आणि लक्ष्मणांच्या काकूंप्रमाणे गप्पही बसणार नाही. पुढील स्नेहसंमेलनात रांगोळी आणि पुष्परचना यांच्या जोडीला अशा पात्राच्या चित्राची आणि मातीच्या मूर्तीची स्पर्धा ठेवावी, अशी सूचना मी येथे करतो.

आणि पुढेमागे त्यातून एखादा पुतळा खरोखरीच उभा राहिला, तर माझ्या अटी आतापासूनच सांगून ठेवतो. उंची सव्वापाच फुटांहून अधिक नको. चौथरा नको, पाय आपल्याच फरशीवर असावेत. अनावरण करणाऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी नको, कारण ती पाटी पुतळ्याहून मोठी होते असा अनुभव आहे. पोरांनी हात लावून नाक झिजविले तरी चालेल. जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. तेथून कोण येतो आणि कोण जातो हे सहज दिसते. नांदेडला बसस्थानकाच्या बाकावर बसविला तरी हरकत नाही. जयंतीला त्याला हार घालू नये. वर्षभर त्याच्यासमोरून जाताना थोडे सावरून चालावे, म्हणजे झाले.

माझ्या मित्राने बॅटमन अर्थातच विकलेला नाही आणि विकावा असे मी म्हणतही नाही. ज्याने आपल्या कष्टाच्या पैशाने एक स्वप्न विकत घेतले, त्याच्या कपाटाकडे बोट दाखविण्याचा मला अधिकार नाही. त्याला मी एवढेच विचारले, की तू दोन वर्षे साठवून जो पुतळा आणलास तो दूरदेशीच्या कोणा शिल्पकाराने घडविला. तुझ्या वडिलांच्या पाठीचा बाक पोत्याखाली नेमका कसा येतो, हे तुझ्याखेरीज कोणत्या शिल्पकाराला ठाऊक आहे? त्याने उत्तर दिले नाही. परवा मात्र तो शाडूचा भाव विचारीत होता.